फोटोत फक्त शेपूट: लाइट बीम ट्रिगरची नेहमीची कटकट

लेझर किंवा इन्फ्रारेड प्रकाशाची रेघ समोरच्या रिसीव्हरवर सोडायची, कोणी आडवं येऊन ती तोडली की कॅमेऱ्याने आपोआप फोटो काढायचा, असा हा ट्रिगर. बीम लावला, कॅमेरा लावला, पक्षी आला, शटरचा आवाजही झाला. धावत जाऊन स्क्रीन बघितली तर मागची फांदी आणि उजव्या कोपऱ्यात शेपटीची दोन पिसं. पुढचा फोटो नुसत्या फांदीचा. त्याच्या पुढचाही. बीम सेन्सरवर कॅमेरा चालवायच्या नादी लागलेल्या बहुतेकांकडे असे शे-दोनशे फांदीचे फोटो साठलेले असतात. माझ्याकडे जरा जास्तच आहेत.

अशा वेळी पहिला संशय सेन्सरवर जातो. मीही दोन रिसीव्हर बदलले, लेझर बदलला, वायर बदलली. तिसरा रिसीव्हर आणायच्या आधी सहज म्हणून सर्किटच्या आउटपुटवर एक साधा लाल एलईडी लावला आणि बीममधून पेन्सिल फिरवली. पेन्सिल आत गेली रे गेली की एलईडी लागत होता. म्हणजे सेन्सर वेळेवर हाक मारत होता, ऐकणारा कॅमेराच आळशी होता.

म्हणून काहीही बदलण्यापूर्वी एवढं करा. कॅमेरा काढून ठेवा आणि आउटपुटवरच्या एलईडीकडे बघत बीम तोडा. एलईडी दर वेळी लागला आणि उगाचच कधी लागला नाही, तर बीम ठीक आहे. मग सेन्सर बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्याच्या रिमोट केबलच्या तारा हाताने एकमेकींना टेकवा. फोटो निघाला तर केबल ठीक आहे. दोन्ही ठीक असूनही फ्रेम रिकामीच येत असेल, तर भानगड वेळेची आहे. दहातल्या आठ वेळा ती तिथेच असते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

लॅग किती आहे, ते मोजा

बीम तुटल्यापासून प्रत्यक्ष फोटो पडेपर्यंत जो वेळ जातो तो शटर लॅग. आरशाच्या डीएसएलआरमध्ये फोकस आधीच लावलेला असला तरी हा वेळ साधारण ५० ते १०० मिलिसेकंद असतो. आरसा वर जायचा, शटरचा पडदा सरकायचा, तेवढा वेळ लागणारच. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, पडद्याची पहिली हालचाल इलेक्ट्रॉनिक केली तर तो बराच कमी होतो. पण छापील आकड्यांवर विसंबू नका, आपल्या कॅमेऱ्याचा लॅग आपण मोजा. त्याला एक चेंडू आणि एक मोजपट्टी पुरते.

मोजपट्टी भिंतीला उभी चिकटवा. बीम पट्टीसमोरून आडवा जाऊ द्या. बीमच्या बरोबर ३० सेंटीमीटर वर चेंडूचा खालचा काठ येईल असा तो धरा आणि नुसता सोडा, ढकलू नका. खोलीत अंधार करून फ्लॅशवर फोटो काढा म्हणजे चेंडू स्पष्ट दिसेल. आता फोटोत चेंडूचा खालचा काठ बीमच्या किती खाली आला ते वाचा. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात तो १७ सेंटीमीटर खाली होता. म्हणजे चेंडू एकूण ४७ सेंटीमीटर पडला. मीटरमधल्या अंतराची दुप्पट करून तिला ९.८ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की पडायला लागलेला वेळ मिळतो. ३० सेंटीमीटरला ०.२४७ सेकंद, ४७ सेंटीमीटरला ०.३१० सेकंद. फरक ६२-६३ मिलिसेकंदांचा. हाच त्या कॅमेऱ्याचा लॅग. कॅमेरा मोजपट्टीच्या समोर सरळ ठेवा आणि चेंडू पट्टीला जवळजवळ चिकटून पडू द्या. तिरकं बघितलं तर दोन-तीन सेंटीमीटर सहज चुकतात.

हे पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी चेंडू जवळपास त्याच ठिकाणी आला तर नशीबवान आहात, लॅग स्थिर आहे. एकदा १७, एकदा २६, एकदा फ्रेमच्या बाहेर असं होत असेल, तर कॅमेरा मध्येच दुसरं काहीतरी करत बसतो आहे. ते आधी शोधायचं.

कॅमेरा मध्येच काय करत बसतो

पहिला आरोपी ऑटोफोकस. लेन्सवरचा स्विच मॅन्युअलवर टाका, फोकस लावा आणि रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा मारा. गंमत नाही, अंधारात तिपाई हलवताना रिंगला हात लागतोच.

दुसरा आरोपी झोप. काही सेकंद बटणाला हात लागला नाही की कॅमेऱ्याचं मीटर बंद होतं, आणि जागं होऊन फोटो काढायला त्याला जास्त वेळ लागतो. पहिला फोटो कायम उशिरा आणि लगेचचे पुढचे बरे, असं दिसलं की ही झोपेचीच खूण समजा. रिमोटच्या केबलमध्ये शटरच्या तारेशिवाय एक फोकसची, म्हणजे अर्ध्या दाबाची तार असते. ती कायम ग्राउंडला, म्हणजे केबलमधल्या सामाईक तारेला, जोडून ठेवा, म्हणजे कोणीतरी बटण अर्धं दाबून बसल्यासारखं होतं. कॅमेरा जागा राहतो आणि लॅगही कमी होतो. बॅटरी मात्र भराभर उतरते, तेव्हा जोडीला दुसरी चार्ज करून ठेवा.

तिसरा आरोपी फ्लॅशचा ऑटो मोड. या मोडमध्ये, म्हणजे टीटीएलमध्ये, खऱ्या फ्लॅशच्या आधी एक छोटा चाचणी फ्लॅश उडतो, त्याचं मोजमाप होतं आणि मग फोटो. फ्लॅश मॅन्युअलवर टाकला की हा फेरा वाचतो. रेड-आय कमी करायची सोय चुकून चालू राहिली असेल तर विचारूच नका. ती आधी दिवा दाखवते आणि मग सावकाश फोटो काढते. मी एक अख्खी संध्याकाळ या एका मेन्यूपायी घालवली आहे.

आणि एक गमतीदार लक्षण: एक सोडून एक फोटो. बीम तुटला की खट्ट आवाज येतो पण फोटो नाही, पुढच्या वेळी तुटला की फोटो. मिरर लॉक-अप चालू आहे. पहिल्या दाबाला आरसा वर जातो, दुसऱ्या दाबाला फोटो निघतो. मेन्यूत जाऊन बंद करा. आरसा आधीच वर ठेवला तर लॅग घटतो हे खरं आहे, पण मग पहिला दाब कोणी द्यायचा याची व्यवस्था सर्किटमध्ये करावी लागते.

सर्किट चालवायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड, वापरत असाल तर कोडकडेही एक नजर टाका. दर फेरीला सिरियल पोर्टवर मजकूर छापायची सवय वाईट. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला, एक अक्षर जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, आणि बफर भरला की प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो. वीस अक्षरांची ओळ म्हणजे वीस मिलिसेकंदांची सुट्टी. छपाई काढून टाका, नाहीतर ट्रिगर झाल्यानंतर करा. फोनमधल्या अॅपमार्फत वायफायने शटर दाबायचा मार्ग तर या कामासाठी सोडूनच द्या. तिथला उशीर दर वेळी वेगळा असतो.

बीम मागे सरकवून भागत का नाही

लॅग कळला की सगळ्यांना एकच उपाय सुचतो: बीम तेवढा अलीकडे लावायचा. पक्षी सेकंदाला ६ मीटरने येतो, लॅग ६२ मिलिसेकंद, म्हणजे तो ३७ सेंटीमीटर पुढे जाणार. बीम फ्रेमच्या मध्यापासून ३७ सेंटीमीटर मागे लावला की काम झालं. कागदावर झालं. पक्षी रोज ६ मीटरच्या वेगाने येईल असं मात्र त्याने कबूल केलेलं नाही. एक ५ ने आला तर ३१ सेंटीमीटरवर सापडेल, दुसरा ७ ने आला तर ४३ वर. म्हणजे १२ सेंटीमीटरचा घोळ, आणि जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा त्याहून कितीतरी अरुंद असतो.

आता लॅग २० मिलिसेकंदांवर आणलात असं धरा. तेच दोन पक्षी आता १० आणि १४ सेंटीमीटरवर सापडतील. घोळ चारच सेंटीमीटरचा. उशिराची भरपाई बीम सरकवून होते, वेगातल्या फरकाची होत नाही, त्यामुळे लॅग कमी करण्यात घातलेला वेळ बीम सरकवण्यात घातलेल्या वेळेपेक्षा जास्त कामी येतो. स्टीफन डाल्टन यांनी उडत्या कीटकांचे फोटो काढायला घेतले तेव्हा त्यांना याच अडचणीपायी झटपट उघडणारं खास शटर तयार करावं लागलं होतं.

अंधारात काम करत असाल, म्हणजे वटवाघूळ, पतंग, पाण्याचे थेंब, तर शटरचा प्रश्नच मोडीत काढता येतो. शटर बल्बवर (बटण दाबलेलं असेतोवर शटर उघडं ठेवणारा मोड) टाकून उघडं ठेवा आणि बीमने कॅमेऱ्याऐवजी थेट फ्लॅश उडवा. फ्लॅशला उशीर जवळजवळ होतच नाही. उघड्या शटरमध्ये बाकीचा उजेड शिरत नाही ना हे बघायला फ्लॅश बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक फोटो काढा. तो काळाकुट्ट आला पाहिजे. राखाडी आला तर दिवे बंद करा किंवा लेन्सचं छिद्र लहान करा. फ्लॅशची ताकद १/३२ किंवा त्याहून कमी ठेवा. पूर्ण ताकदीचा फ्लॅश वाटतो त्यापेक्षा खूप लांब चालतो, कमी ताकदीचा लवकर विझतो. पंखाचं टोक सेकंदाला १० मीटरने हलत असेल तर १/१००० सेकंदात ते १ सेंटीमीटर पुसट होतं, १/२०,००० सेकंदात अर्धा मिलिमीटर. फोटो वेळेवर येऊनही पंख धूसर असतील, तर बीमला बोल लावू नका, फ्लॅशची ताकद उतरवा. बल्बवर लांब एक्स्पोजर घेताना नॉइज रिडक्शन मात्र बंद ठेवा, नाहीतर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो आणि नेमकं तेव्हाच सगळं घडतं.

दिवसाउजेडी हा मार्ग नाही. तिथे प्री-कॅप्चर असलेला कॅमेरा हाताशी असेल तर लॅगचं दुखणंच संपतं. ऑलिम्पसने २०१६ साली ई-एम१ मार्क टूमध्ये प्रो कॅप्चर या नावाने ही सोय दिली. अर्धा दाब धरून ठेवला की कॅमेरा फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबाच्या आधीच्या काही फ्रेमही कार्डवर उतरवतो. अर्धा दाब तारेने कायमचा, पूर्ण दाब बीमकडे. फक्त तिथे इलेक्ट्रॉनिक शटर चालतं, त्यामुळे वेगाने हलणारे पंख वाकडे येऊ शकतात.

बीम कुठल्या दिशेने

लोक बीम कसाही ताणतात आणि मग म्हणतात फोकस जमत नाही. बीम ही एक रेघ आहे. त्या रेघेवर पक्षी कुठेही आडवा येऊ शकतो. बीम कॅमेऱ्याकडून समोर गेलेला असेल, तर पक्षी फ्रेममध्ये योग्य जागी सापडेल पण जवळ की लांब ते ठरणार नाही. बीम उभा, वरून खाली लावला तर डावं-उजवं आणि जवळ-लांब दोन्ही ठरतं, फक्त उंची सुटते, आणि उंचीला फ्रेममध्ये जागा ठेवता येते. मी तर आता पक्षी कॅमेऱ्याला आडवा उडेल अशीच जागा शोधते. मग लॅगमुळे तो फार तर डावीकडे-उजवीकडे सरकतो, फोकस सुटत नाही. समोरून अंगावर येणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तोच लॅग थेट फोकस खातो.

कीटकांसाठी एक बीम पुरत नाही. दोन बीम एकमेकांना छेदतील असे लावा आणि दोन्ही एकाच वेळी तुटले तरच ट्रिगर होईल असं ठेवा. मग जागा एका बिंदूवर येते. जुळवायला वेळ लागतो, चिडचिड होते, पण रिकाम्या फ्रेम एकदम घटतात.

बीमच खोटं बोलत असेल तर

एलईडीच्या चाचणीतच गडबड दिसली, तर पुढचं वाचा.

रिसीव्हर म्हणून एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा रेझिस्टर, वापरला असेल तर तो काढा. अंधार झाल्याचं ओळखायला त्याला दहा-दहा मिलिसेकंदांच्या हिशेबात वेळ लागतो. आपला मघाचा चेंडू ४ सेंटीमीटरचा असेल तर तो बीम जेमतेम १६ मिलिसेकंद अडवतो, १ सेंटीमीटरचा पतंग तर ३-४ मिलिसेकंदच. रात्री आपोआप लागणाऱ्या दिव्याला एलडीआर चालतो, इथे नाही. फोटोट्रान्झिस्टर लावा, प्रकाशातला बदल तो कितीतरी झटपट ओळखतो.

उन्हात गप्प आणि संध्याकाळी शहाणा, असा रिसीव्हर असेल तर त्याच्यावर ऊन पडतं आहे. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, फोटोट्रान्झिस्टर त्यानेच काठोकाठ भरतो, मग बीम असला काय नि नसला काय. त्याच्यापुढे आतून काळा केलेला बोटभर लांबीचा नळा बसवा आणि रिसीव्हरचं तोंड सूर्याकडून वळवा. लेझर सूर्याच्या बाजूला, रिसीव्हर त्याच्या समोर, असं कधीच ठेवू नका.

३८ किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश ओळखणारे, रिमोटवाले रिसीव्हर उन्हाला जास्त दाद देत नाहीत, म्हणून ते सगळे उचलतात आणि तिथे वेगळ्याच खड्ड्यात पडतात. टीएसओपी३८२३८ सारखा रिसीव्हर टीव्हीच्या रिमोटसाठी बनलेला असतो. अखंड ३८ किलोहर्ट्झ दिलं की त्याला ते गोंगाटासारखं वाटतं, तो स्वतःची संवेदना कमी करतो आणि थोड्या वेळाने बीम तुटल्याचं आपणच सांगायला लागतो. उपाय दोन. बीम तुकड्या-तुकड्यांनी पाठवा, दर तुकड्यात निदान दहा आवर्तनं आणि मध्ये मोकळी जागा, आणि कोडमध्ये सलग दोन तुकडे चुकले तरच बीम तुटला असं धरा. नाहीतर अशाच कामासाठी बनलेला स्थिर संवेदनेचा टीएसएसपी४०३८ लावा, त्याला अखंड बीम चालतो. मला दुसरा मार्ग पसंत आहे.

याच रिसीव्हरची उलट तक्रारही येते: बीममध्ये हात घातला तरी तुटतच नाही. हे रिसीव्हर कित्येक मीटरवरून रिमोट पकडायला बनलेत. अर्ध्या मीटरवर जोरदार इन्फ्रारेड एलईडी लावला की प्रकाश टेबलावरून, भिंतीवरून, तुमच्या शर्टावरून उडून हाताला वळसा घालून पोचतो. एलईडीचा रेझिस्टर वाढवून प्रवाह कमी करा, एलईडीवरही नळा चढवा. एलईडी चालू आहे का हे डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं की बहुतेक वेळा जांभळट ठिपका दिसतो.

लहान किडे निसटत असतील तर बीम जाड आहे. ५ मिलिमीटरच्या रिसीव्हरसमोरून २ मिलिमीटरचा किडा गेला तर प्रकाश किंचित कमी होतो, तुटत नाही. काळ्या कागदाला २ मिलिमीटरचं भोक पाडून रिसीव्हरवर चिकटवा.

लेझर वापरत असाल तर १ मिलिवॅटच्या आतलाच घ्या, आणि माणसाच्या किंवा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून तो जाणार असेल तर त्याऐवजी इन्फ्रारेड एलईडी लावा.

एका बीमवर दोन-तीन फोटो निघतात, ही तक्रार बहुतेक फ्लॅशची असते. आपलाच फ्लॅश रिसीव्हरवर आदळतो, रिसीव्हर गोंधळतो आणि सावरताना पुन्हा ट्रिगर देतो. प्रत्येक ट्रिगरनंतर एक-दोन सेकंद काहीही ऐकायचं नाही असं कोडमध्ये लिहा. तेवढ्यात फ्लॅशही भरून घेतो.

आणि तार

केबलच्या चाचणीत हाताने फोटो निघतो पण सर्किटने नाही, असं झालं तर बहुधा ऑप्टोकपलर, म्हणजे सर्किट आणि कॅमेरा वेगळे ठेवून प्रकाशाने चालणारा मधला स्विच, उलटा लागला आहे. अनेक कॅनन आणि पेंटॅक्स कॅमेऱ्यांच्या २.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये टोक शटरचं, मधलं कडं फोकसचं आणि बूड ग्राउंडचं असतं. मल्टिमीटरचा लाल दांडा शटरला, काळा ग्राउंडला लावा. काही व्होल्ट दिसतील. शटरच्या बाजूला ऑप्टोकपलरचा कलेक्टर पाय, ग्राउंडला एमिटर पाय. पीसी८१७ हा ऑप्टोकपलर लावून आतल्या एलईडीला ५ व्होल्टवर ३३० ओहमचा रेझिस्टर दिला की पुरे. आर्डुइनोची पिन थेट कॅमेऱ्याला जोडायचा मोह टाळा.

सरळ लागूनही कधी फोटो निघतो कधी नाही, तर पल्स फार छोटा आहे. बीम तुटलेला असेल तेवढाच वेळ शटर दाबून ठेवणारं सर्किट पतंगाच्या ३ मिलिसेकंदांत कॅमेऱ्याला नुसतं शिवून जातं. बीम कितीही कमी वेळ तुटो, शटरची तार १०० ते २०० मिलिसेकंद धरून ठेवा आणि कॅमेरा सिंगल शॉटवर ठेवा, नाहीतर तेवढ्यात एकाहून जास्त फोटो निघतील.

घरट्याच्या तोंडाशी बीम लावून कोणी हे सगळं करणार असेल तर मी त्याला मदत करत नाही. पाण्याचं भांडं ठेवा, पक्षी येतात. मघाचा १७ सेंटीमीटरवाला कॅमेरा अजून तोच आहे. अर्धा दाब तारेने बांधल्यावर आणि टीटीएल काढल्यावर चेंडू ११ वर सापडतो, आणि भांड्यावर येणाऱ्या चिमणीची चोच आता फ्रेममध्ये असते. शेपूट कधीकधी कापली जाते.